शेरा

महालेखाकार कार्यालयात तेहतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या आकड्यांवर लाल टिंबं ठेवली.
आता वहीत माझेच आकडे:
सकाळी वरचा एकशे साठ, खालचा शंभर,
रात्री वरचा एकशे चौसष्ट.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो कोराच ठेवत आलो.
एकट्या माणसाच्या रक्तावर शेरा काय मारणार?

डॉक्टर भदौरिया म्हणाले, मीठ तोडा,
किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत फिरून या.
मीठ तोडलं. फिरायला गेलो नाही.
डिसेंबरात ग्वाल्हेरचं धुकं
वसुलीच्या माणसासारखं खिडकीशी उभं असतं,
आणि घरात बसायला मला कारण लागत नाही.

मग रामस्वरूपचा मोतीबिंदू काढला.
आमच्या इमारतीचा चौकीदार.
डोळ्यावर काळा चष्मा, खिशात थेंबांची बाटली,
दिवसातून सहा वेळा.
स्वतःचे स्वतःला घालता येईनात,
गालावरून ओघळून मफलरीत जिरायचे.
बायको भिंडला, लेकीच्या बाळंतपणाला.
मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतो.
"औषध वाया जातंय," एवढंच म्हणालो.
दया वगैरे नव्हती ती.
अपव्यय मला बघवत नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यात थेंब घालायचा
तर आधी आपला श्वास धरावा लागतो.
खालची पापणी बोटाने हलकेच ओढायची,
बाटलीचा हात त्याच्या कपाळावर टेकवायचा,
आणि वाट पाहायची.
माझा हात थरथरतो,
मंदाकिनी गेल्यापासून चहाची बशी वाजते.
पहिल्या दिवशी तीन थेंब मिशीत गेले.
आठव्या दिवशी एकही नाही.
"साहब, हाथ जम गया आपका,"
न्हाव्यापुढे बसल्यासारखी मान मागे टाकून
तो म्हणाला.

बेचाळीस पायऱ्या. सहादा खाली, सहादा वर.
पाचशे चार.

पंधराव्या दिवशी: एकशे अडतीस.
यंत्राचे सेल बदलले.
दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून पाहिला.
भदौरियांनी वही चाळली,
"कौन सी गोली बदली?"
जिना, मी म्हणालो.
खरं होतं. पुरतं खरं नव्हतं.
कारण यंत्र खाली नेऊन,
त्याच्या केबिनमधल्या स्टुलावर टेकून,
नियमाप्रमाणे पाच मिनिटं गप्प बसून
मी मोजलं होतं,
थेंबाआधी आणि थेंबानंतर.
दहाचा फरक.
औषध त्याच्या डोळ्यात, उतार माझ्या दंडात,
आणि व्हाउचर कुठेच नाही.
असं बिल मी कधी पास केलं नसतं.

एक दिवस मात्र भडकला.
सेक्रेटरीने ऑपरेशनच्या सुट्टीचे
रामस्वरूपचे पैसे कापले,
मी त्याच्या दारात उभा राहून भांडलो.
एकशे बहात्तर.
तोही लिहिला, लाल शाईत.
पैसे मिळाले.

सहाचे चार झाले, चाराचे दोन,
आणि एक दिवस बाटलीच संपली.
रामस्वरूपला आता
माझ्या स्वेटरचं चुकलेलं बटण दिसतं.
दहा वाजता मी सवयीने खाली गेलो
आणि रिकामे हात कुठे ठेवावे ते कळेना.
त्याने शेगडी माझ्याकडे सरकवली,
कागदातली गजक मोडून मोठा तुकडा दिला.
मग नव्या डोळ्याने नीट बघत विचारलं,
"और आपने? अपनी गोली ली?"

घेतली नव्हती.
नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

वर आलो. गोळी घेतली. पट्टा बांधला.
आकडा काय आला ते राहू दे.
शेऱ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच पेन टेकवलं,
बराच वेळ टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग लिहिलं:
गजक खाल्ली. तीळ अजून दातात आहे.