उलटी पाळी

लखवानीच्या दुकानात मी पहिल्यांदाच
दिवा वॅटवर नाही, रंगावर मागितला.
"निळा जास्त का लाल जास्त?" त्यानं विचारलं,
मग चष्म्यावरून बघत, आवाज उतरवून,
"काका, काय लावी राह्यले घरात?"
मी म्हटलं, झाड.
तो म्हणाला, ते तर कळलं.

छत्तीस वर्षं केबिनमध्ये लाल-हिरवा ओढला.
जांभळ्याशी कधी संबंध आला नव्हता.

वहीत लिहून नेलं होतं सगळं.
तंबू, चार बाय दोन, आतून आरशासारखा.
सहा इंची पंखा, गरम हवा बाहेर फेकायला
(भुसावळच्या मेमध्ये बाहेर म्हणजे कुठे, देव जाणे).
टायमर मात्र बॅटरीचा.
काट्याचा टायमर लाइट गेली की मागे पडतो,
आणि मागे पडलेल्या घड्याळानं काय होतं
ते मला सांगू नका.

पाण्यात वाढवायचं का मातीत, यात चार दिवस गेले.
बादलीत मुळं सोडायची, खाली माशांच्या टाकीचा पंप.
"लाइट गेली की मुळं गुदमरतात, काका,"
रोपवाटिकेतला तन्वीर म्हणाला,
आणि तो म्हणत असतानाच गेली.
नारळाच्या भुशाची वीट आणली, भिजत घातली,
ती फुगली, बादलीबाहेर आली,
न्हाणीघराची मोरी तुंबली. कुमुद काही बोलली नाही.
शेवटी तापीचा पोयटा, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड.
नवख्यानं मातीच घ्यावी.
माती चूक पोटात घालते.

मग कूलर आमच्या खोलीतून तंबूच्या खोलीत गेला.
तेव्हा कुमुद बोलली.

वाढवायचं तर अठरा तास उजेड.
फुलवायचं तर बारा तास अंधार, सलग,
दाराच्या फटीएवढासुद्धा उजेड नको.
मध्येच कुणी बटण दाबलं
तर रोप बिचकतं, पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसतं.
दिवसाचा उकाडा पंख्याला झेपेना,
म्हणून मी त्याला रातपाळीला लावलं.
संध्याकाळी सातला उजेड, सकाळी सातला रात्र.

दिवसा रात्र कशी करायची
हे मला वहीत लिहावं लागलं नाही.
खिडकीला खिळे ठोकून घोंगडी,
दाराखाली ओला टॉवेल,
गल्लीतल्या पोरांना दम.

पलीकडच्या कोल्ह्यांनी तक्रार केली.
रात्रभर जांभळी खिडकी, पंख्याची घरघर,
वासही उग्र, कातरलेल्या पानांचं काहीतरी.
हवालदार तडवी आले, टोपी काखेत,
डोळे रातच्या बंदोबस्ताचे, लालभडक.
"उघडा."
मी म्हटलं, साहेब, सातला उघडतो.
आत्ता तिथं मध्यरात्र आहे.

साडेपाच वाजले होते.
माणूस हसेल, नाहीतर लाथ घालेल दाराला.
ते माझ्याकडे बघत राहिले,
मग घोंगडीकडे, टॉवेलकडे,
आणि ओट्यावर बसले.
कुमुदनं चहा दिला. दोनदा.
भिंतीला डोकं टेकून त्यांना डुलकी लागली,
तंबाखूची पुडी गुडघ्यावर तशीच.

सातला आत टक् झालं.
मी चेन खाली ओढली.
दातेरी पानं, जांभळ्या उजेडात काळी दिसणारी.
त्यांनी एक चिमटीत चुरगाळलं, नाकाशी नेलं.
"शेवंती?"
शेवंती.
"वैशाखात?"

बावीस मे. लग्नात वेणीला शेवंती मिळाली नव्हती,
मोगऱ्यावर भागवलं होतं.
कुमुदनं हे मला एकदाच सांगितलंय, सत्त्याऐंशीत,
तेही आमटीला फोडणी देताना.
हवालदारांना मी यातलं काही सांगितलं नाही.
वाटाण्याएवढ्या अकरा कळ्या होत्या. त्यांनी मोजल्या.

पंचनामा लिहायचा म्हणून डायरी काढली,
पेन झटकलं, थांबले.
"ह्याला दिवसा झोप लागते नीट?"
लागते.
"ती घोंगडी," ते म्हणाले,
"एक घातली का दोन?"