कडी

नऊ वर्षं झुलवून तिसरा भाग आला
तेव्हा हाप्सालूची खाडी नुकती गोठत होती.
ग्रंथालयाला प्रती मिळाल्या दोन,
यादीत नावं सव्वीस.

पहिली प्रत तोनूनं नेली,
तालिनहून येणारी शेवटची बस चालवणारा तोनू.
चौथ्या दिवशी त्यानं ती टेबलावर जवळजवळ आपटलीच.
"दोन भागांत एवढे गळे फाडले हिनं,
आणि आता काय, तर म्हातारी होते?
ओडिलाचे दात पडतात, उर्वे. दात!
ह्यासाठी थांबलो होतो मी?"

मी शिक्का मारला.
शिक्क्याला मत नसतं.

पिरेत रक्तपेढीत आहे, तिचं दुखणं वेगळं.
"ओ निगेटिव्ह माणूस असा रस्त्यात सापडतो होय?
सापडला तर आम्ही त्याला कॉफी देतो, बिस्कीट देतो,
तीन महिन्यांनी परत ये म्हणतो.
ही बाई एका रात्रीत संपवते त्याला.
नुसती उधळपट्टी."
पुस्तक मात्र तिनं दोनदा नेलं.

शाळेतली क्रेते आली ती डोळे सुजवून.
घरी विचारत होते, कोण गेलं म्हणून.
"कुणीच गेलं नाही," ती मला म्हणाली,
"हेच तर."

पान तीनशे चारच्या समासात पेन्सिलीनं: खोटं.
त्याखाली दुसरं अक्षर: तुला काय माहीत?
त्याखाली शाईनं, ठसठशीत:
ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.

खरं भांडण शेवटच्या पानाचं.
बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही,
हा नियम पहिल्या भागापासूनचा.
ओडिला थकून एका उंबरठ्याशी येते.
बर्फ पडतोय. आत दिवा आहे.
आतून कुणीतरी कडीला हात घालतं.
संपलं पुस्तक.

काढायला, की घट्ट करायला?

खाटीक काल्यु म्हणाला, घट्ट करायला, दुसरं काय.
त्याला दोन लहान मुली आहेत.
निवृत्त मास्तरीणबाईंनी सगळं खापर अनुवादकावर फोडलं.
बेकरीच्या रांगेत दोघी सख्ख्या बहिणी
ह्या कडीवरून आठवडाभर बोलल्या नाहीत.

सातवं नाव हेल्दुर.
मी सवयीनं फोन लावला.
पलीकडे बराच वेळ काही नाही, मग लेइदाचा आवाज:
"ऑक्टोबरात गेला तो.
पण ठेवा पुस्तक. मी येते."

लेइदानं आधीचे दोन्ही भाग वाचलेले नव्हते.
रक्त बघवत नाही तिला,
मासेसुद्धा तोच साफ करायचा.
तिनं पुस्तक तीन आठवडे ठेवलं
आणि पिशवीतून काढून दिलं तेव्हा
शेवटच्या पानावर मेणाचा थेंब होता.

"कबरीपाशी मेणबत्ती लावायची आणि वाचायचं," ती म्हणाली,
"रोज एक प्रकरण. मोठ्यानं. त्याला कमी ऐकू यायचं.
चारलाच अंधार पडतो, मेणबत्ती वाकडी धरावी लागते.
त्या मेणाचे किती द्यायचे?"

भीती नाही वाटली, मी विचारलं.

"कुणाची? तिथे सगळे ओळखीचे आहेत."

मग मलाही राहवेना.
आणि शेवट? तुम्हाला काय वाटलं,
कडी काढली की लावली?

लेइदा एक हातमोजा चढवून दुसरा शोधत होती.
"एक्केचाळीस वर्षं हा माणूस
किल्ली विसरून रात्री-अपरात्री समुद्रावरून आला.
भिजलेला, कधी प्यायलेला,
एकदा तर हात कापून, रक्तानं माखून.
मला काय विचारता?"

हातमोजा खिशातच होता.

दंड लावला नाही मी.
मेण नखानं काढून पाहिलं थोडं,
खालचा शब्दही उचकटून यायला लागला,
तेव्हा सोडून दिलं.

आठवं नाव: मारित, दीपगृहाजवळची.
फोन उचलत नाही.