गाड्या शून्य

दोंडाईच्यात, मिरची मार्केटच्या मागे,
तोलकाट्याच्या खोलीत टेबलाखाली
एक जुना डबा घुरघुरतो.
झाकण काढलं तेव्हा पंख्याच्या पात्यांवर
बोटभर तिखट साचलेलं.
मामा, हाच आपला सर्व्हर, नजमा तडवी म्हणाली
आणि तीनदा शिंकली.

मी एकोणीस वर्षं वजनं लिहितोय.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
माझं म्हणणं एवढंच होतं
की रांगेत किती गाड्या उभ्या आहेत
हे शहाद्याच्या माणसाला
ताटावर बसायच्या आधी कळावं.

नजमा नोकरीसाठी शिरपूरला गेली.
मागे राहिली तिची वही आणि एक काळा पडदा.
पडद्यावर एक बारकी रेघ
उघडमीट करत वाट बघते,
स्वतःहून काही सुचवत नाही.
पहिल्या रात्री मी तिला ‘नमस्कार’ लिहिलं.
उत्तर आलं: असा हुकूम सापडला नाही.

मग परवानगी नाकारली,
नाकारली,
नाकारली.
वैतागून सगळ्या फायलींना सात-सात-सात लावून टाकलं:
ज्याला यायचं त्यानं या, वाचा, खोडा, पळवा.
चहा घेऊन आलेल्या भिल्यानं आकडा पाहिला
आणि कानाशी येऊन विचारलं,
आज हाच लावू का?
फोनवर नजमा बराच वेळ काही बोलली नाही.

एकदा एक अर्धविराम राहिला.
शाळेत त्याला मी कधी हिशेबात धरलं नव्हतं,
गुरुजींनीही नाही.
त्यानं तीन रात्री खाल्ल्या.
सुरत पॅसेंजर तीनदा निघून गेली
आणि मला कळलंही नाही.

पण लॉग उघडला आणि मी खुर्ची पुढे ओढली.
तारीख. वेळ. कुठून आला. काय मागितलं. काय दिलं.
अरे, हे तर माझंच रजिस्टर!
फक्त अक्षर बरं.
बावीस नंबरच्या दारावर रात्रभर
कोणी कोणी थापा मारत होतं:
ॲडमिन आहे का घरात? टेस्ट आहे का? गेस्ट?
दोंडाईचा कुठल्या दिशेला हेही माहीत नसलेली माणसं.
‘कोन शे रे?’ मी मोठ्यानं ओरडलो.
बाहेर पोत्यांवरचं कुत्रं उठलं,
माझ्याकडे बघून पुन्हा झोपलं.

माघात पथाऱ्यांवर मिरची पसरली
आणि पान सुरू झालं.
बायकोनं फोनवर पाहिलं. एवढ्यासाठी?
खरंच एवढंच होतं:
पांढऱ्यावर काळं, गाड्या सत्तावीस.

त्या रात्री मी कधी नव्हे तो लवकर घरी गेलो.
लाइट गेली, लाइट आली.
डबा उठला, पान उठलं,
मोजणारा मात्र झोपूनच राहिला.
आता चालू हो,
आणि उद्या उठशील तेव्हा न सांगता चालू हो,
हे दोन वेगळे हुकूम असतात.
वहीत लिहिलेलं होतं. ते पान चहानं चिकटलेलं.
रात्रभर साऱ्या जगाला दिसत राहिलं:
गाड्या शून्य.

सकाळी शालिक कोळी आला, भाकरी तशीच टाकून,
आणि पुढे बघतो तर एक्केचाळीस गाड्या.
टेम्पो तिथेच सोडून तो चालत खिडकीशी आला.
‘कोन्ता गाढवनी लिखं रे ते शून्य?’
आणि पुढे माझ्या आईपासून सुरुवात केली.

मी ऐकत होतो.
एकोणीस वर्षांत माझं लिहिलेलं
पावती सोडून कोणी वाचलं नव्हतं.
‘तुम्ही पाहिलंत?’ मी विचारलं. ‘किती वाजता?’
शिवी अर्ध्यावर राहिली.
‘पाचला दहा कमी. का?’

मी लॉगमध्ये खाली खाली गेलो.
चार पन्नास. एक मोबाइल. एकच पान मागितलेलं.
पुढे आकडा दोनशे,
म्हणजे मिळालं.

बाहेर एक्केचाळीस हॉर्न वाजत होते.
मी नखानं वहीचं पान सोडवायला बसलो.