पाण्याचा रकाना

मागच्या खेपेला गुरुजींनी हे गाव
चिंचेखाली संपवलं होतं.
शेवटचं घर दोनशे सात.
मी आता चिंचेच्या बुंध्यावर बसले आहे
आणि शेवटचा आकडा तीनशे एक्क्याण्णव,
पुढे अजून पत्रे चमकताहेत.

मी शाळेतली बाई, शिरगणतीला जुंपलेली.
गळ्यात ओळखपत्र, डब्यात गेरू,
हातात जीव सोडत चाललेला मोबाइल
आणि मोबाइलात एक रकाना:
पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत.

एकशे बारा. सुकलाल मालचे.
खोली एक, माणसं अकरा.
अकरावं झोळीत.
"नाव ठेवेल नही आखो, त्याले बी मोजतस का?"
त्याची आई विचारते.
मोजते, म्हणाले. त्यालाही तहान लागणारच.
दारात सहा हंडे. नळ चौथ्या दिवशी.
हंड्यांना माणसांनी मनातल्या मनात भागलं,
चौथीला हेच शिकवते.
उत्तर आलं तेव्हा तिने तांब्या पुढे केला होता.
तहान नाही, म्हणाले.
खोटं.

एकशे तेरा. समोरच. बेडसे.
माणसं तीन, त्यातला एक पुण्याला,
म्हणजे दोन.
गच्चीवर दोन टाक्या,
अंगणात गाडी धुऊन झाली तरी पाइप वाहतोच आहे.
बोअर किती फूट?
"साडेसातशे!"
पोराचे मार्क सांगावेत तसं सांगितलं.
आधीचा तीनशे, त्याआधीचा दीडशे,
आणि आजोबांची विहीर?
ती केळीच्या वाळल्या खांबांनी भरत आली आहे.

तालुक्याला प्रशिक्षणात साहेब म्हणाले होते,
माणसं वाढली म्हणून नदी आटली.
पडद्यावर एक लाल रेघ चढत होती.
मी वहीत उतरवून घेतली, वळणदार.
पण एकशे बारा आणि एकशे तेराच्या मधे
आठ पावलांची गल्ली आहे,
त्या गल्लीत ती रेघ कुठे उभी करावी
मला कळेना.

माणसं वाढली नाहीत असंही नाही.
गायरान गेलं, घरकुलं आली.
नेरच्या बाजूचा टेकाड गेला, मुरूम झाला.
पांझरेची वाळू ट्रॅक्टरने रात्री जायची,
आता दिवसाही जाते.
त्यातली चार ब्रास माझ्या स्लॅबमध्ये आहे.
हा रकाना कुणी ठेवलेला नाही,
म्हणून इथे सांगते.

दोनशे चाळीस. हिलाल तात्या अहिरे.
वय? "लिही टाक नव्वद."
धंदा? पाटकरी.
यादीत पाटकरी नाही.
मी 'इतर' दाबलं, तात्या हसले.
मग काठीने अंगणातल्या धुळीत चार चौकोन काढले,
वरून एक रेघ, तो पाट.
"चार फड व्हतात आम्ना.
समदास्नी जमीन समदा फडस्मा.
पानी कमी पडनं ते एक फड सोडूत."
एक चौकोन टाचेने पुसला.
"मानूस नही सोडूत."

म्हणजे तोटाही वाटून घ्यायचे,
प्रत्येकाच्या ताटातून एकेक घास.
तात्या सांगत होते तेव्हा कोंबडी येऊन
दुसरा चौकोन उकरून गेली.
तिसऱ्या फडावर आता प्लॉटचे पांढरे दगड आहेत,
तिथे मीही एक बघून ठेवला होता.
तात्यांना बोलले नाही.

ऊन कलतं आहे. मोबाइल चार टक्के.
तीनशे ब्याण्णवची भिंत कोरी,
तिच्यामागे हसणं, भांडणं,
कुणाचं तरी आंघोळीसाठी रडणं.
आत किती जण असतील याचा अंदाज
मी आता करत नाही.

डब्यात बोट घातलं. गेरू सुकला आहे.
आकडा लिहायचा तर
ओंजळभर पाणी मागावं लागणार.

कडी वाजवते.