बेचाळिसावा लेख

तार्तूत दुपारी साडेतीनलाच दिवे.
मारिका लुह्त तालिकीकरणावरचे लेख तपासते,
समासात पेन्सिल कुरकुरते:
नमुना मूठभर, निष्कर्ष पोतंभर.
हा त्याचा दाखला देतो, तो ह्याचा,
खण कुणीच ओढून पाहिलेला नाही.

बेचाळिसाव्यात मात्र तक्ता. चूक क्रमांक एकशेसतरा:
कवितासंग्रह, विषय – मधमाशीपालन.

ती तळघरात उतरते.
खण फुगलाय, दोनदा हिसडा द्यावा लागतो.
कार्ड सन पन्नासचं. जांभळी शाई,
अक्षर मुळीच न डगमगलेलं.
त्या साली हा कवी
कुठल्याच यादीत नसायला हवा होता.
मागे तारखा. अकरा वाचक.
पोळं एकाकडेही नसावं.

वर येऊन ती हात धुते,
अभिप्रायात एवढंच लिहिते:
'चूक' म्हणजे काय, ते लेखकांनी स्पष्ट करावं.