कात्रीची कडी

शटर उचलायला आता शाळेला जाणारा एखादा पोरगा लागतो.
सकाळी आठला डिचोलीच्या बाजारात मी उभा,
किल्ली हातात, आणि हात माझा नव्हे.
दहापर्यंत बोटं ऐकत नाहीत.
मग एकेक उठतं, कुरकुरत,
मधलं सोडून.
मधलं सुजलंय सालदाटी केळ्यासारखं.

कात्रीची कडी अंगठ्यात जाईना.
वडलांची कात्री. गोविंद शेटाकडे नेली.
तो म्हणाला, अंगठी असती तर वाढवून दिली असती,
ही कशी वाढवू?
आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.
तेव्हा कळलं, प्रकरण मोठं आहे.

आधी कोपरांवर आलं होतं,
शेवटे साफ करताना उडतात तसे पांढरे खवले.
कुणी नायटा म्हणालं, कुणी नजर.
सुगंधेनं लईराईला मोगऱ्याची माळ बोलली.
बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र कोपर सोडून
नखं पाहिली, अंगुस्तानासारखी टोचलेली,
म्हणाल्या, कातडीचं आणि सांध्यांचं दुखणं एकच आहे तुमचं.
कुणाला लागत नाही ते.

'लागत नाही' असं मी पुठ्ठ्यावर लिहून आरशाखाली लावलं.
दोन दिवसांत काढलं.
ज्यांना काही ठाऊक नव्हतं
तेच विचारू लागले, काय लागत नाही?

दर शुक्रवारी गोळ्या.
काजूच्या दिवसांत पेद्रू उर्राकची बाटली घेऊन येतो,
दाढीच्या बदल्यात, वीस वर्षांचा व्यवहार.
यंदा म्हटलं, बंद केलीय, यकृताला चालत नाही.
तो हसला, माझ्या हातांकडे बघून थांबला,
बाटली ठेवून गेला
दाढी न करताच.

दुसरी खुर्ची अख्तरला दिली, गोरखपूरचा.
कमाई निम्मी निम्मी, खरं तर त्याचीच सगळी.
पोरं त्याच्यासाठी ताटकळतात, मी रिकामा असलो तरी.
मी पैसे घेतो. नोटा जमतात,
नाणी बोटांतून निसटून केसांत पडतात,
आणि वाकणं हे वेगळंच काम आहे.

चवथीच्या आदल्या रविवारी गर्दी रात्री नऊला सरली.
माझी दाढी पाच दिवसांची.
हात गालापर्यंत जातो, वस्तरा घेऊन जात नाही.
अख्तरनं काही न बोलता खुर्ची फिरवली.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा बसलो तिच्यात.
इथून छतावर ओल दिसते, नकाशातल्या सत्तरीएवढी.
एकाही गिऱ्हाइकानं सांगितली नव्हती.

त्याचा हात हलका आहे. माझाही होता.
काळ्या कापडावर काळे-करडे केस पडले
आणि मानेवरचं, कानामागचं माझं पांढरं.
मी आरशात त्याचा चेहरा बघत राहिलो.
त्यानं चिमटा काढला,
कापड दाराबाहेर नेऊन दोनदा झटकलं,
आणि तेच, उद्यासाठी,
खिळ्याला अडकवलं.