डिसेंबरातले दात

डिसेंबर लागला की म्हापशात माझ्या खुर्चीवर
विलायतेचे दात येतात.
शुक्रवारी तर विचारूच नका. खाली बाजार,
जिन्यापर्यंत चोरीसच्या माळांचा वास,
आणि वर बाकावर स्विंडनची चार माणसं
गाल धरून.

इनासियो कुलासो, मूळचा हळदोण्याचा,
तिकडे गोदामात रात्रपाळी.
खिशातून काड्यापेटी काढतो, उघडून दाखवतो.
दाढ. खालची, डावी.
एक मूळ अर्धं तुटून आत राहिलेलं.
"पक्कड उकळून घेतली होती, बाय,"
जणू मी तेवढ्यासाठीच रागावणार होते.

सोळा दवाखान्यांना फोन केले, नवे पेशंट घेत नाहीत.
सतराव्याने नाव लिहून घेतलं,
दोन वर्षांत पत्र येईल म्हणाले.
"दाढेला सांगून बघितलं," तो म्हणतो,
"ऐकेना."

मी भूल देते. ओठ जड होईपर्यंत तो बोलत राहतो.
बहीण पिएदाद तिथल्या इस्पितळात, सातव्या मजल्यावर,
एका म्हाताऱ्या मास्तरांना रोज पुसून घेते.
मास्तर बरे होऊन अकरा आठवडे झाले.
घरी आंघोळ घालायला माणूस मिळत नाही
म्हणून खाट सुटत नाही,
खाट सुटत नाही म्हणून खाली दाराशी
अँब्युलन्समध्येच एका बाईची रात्र जाते.
चुलतभाऊ लिस्बनला. त्याच्या कागदावर
'कुटुंबाचा डॉक्टर' असा रकाना आहे छापील,
पुढे रेघ.
रेघेचे मात्र पैसे घेत नाहीत.

मी हसत नाही.
कॉलेजात एक सर सांगायचे, तिकडे दुखलं-खुपलं तर
दाराशी पाकीट विचारत नाहीत.
मला ते फार आवडलं होतं. अजून आवडतं.
माझ्या दाराशी तर दरपत्रक लावलंय, लॅमिनेट करून.
ते दार कुणी पाडू नये एवढंच वाटतं,
आणि दार आहे म्हणून
आत सगळं ठीक आहे, असंही कुणी म्हणू नये.

आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात,
कीड काढल्याशिवाय वर भरायचं नाही.
वरून दात गुळगुळीत दिसतो, पेशंट खूश,
आत खोदकाम चालू.
तिकडे खड्ड्यात काय भरतात?
पिएदाद भरतात.
केरळ भरतात, मनिला भरतात,
दर पाच वर्षांनी नवा मंत्री नवं सिमेंट कालवतो.
आणि जिथून माती उचलली तिथला खड्डा
कुठल्याच एक्स-रेत येत नाही.

रत्नमाला कापूस पुढे करते.
पहाटे साडेचारला थिवीहून निघून
आईला बांबोळीला रांगेत बसवून आलीय,
खुब्याच्या ऑपरेशनची तारीख मिळते का बघायला.
मिळाली. जुलैची.
तोवर ही असेल का इथे, मी विचारत नाही.
संध्याकाळी ती पणजीला जर्मनच्या क्लासला जाते,
तिकडच्या वृद्धाश्रमांना मुली हव्यात.
दुपारी हत्यारं उकळताना पुटपुटते,
वो टूट एस वे?
म्हणजे, कुठे दुखतंय?
मला दर वेळी त्यात 'तूट' ऐकू येते.

आज तिने ते इनासियोवर करून पाहिलं.
त्याला जर्मन येत नाही, तोंडात कापूस,
तरी त्याला कळलं.
विचार करून त्याने हात हलवला. कुठेच नाही.
भूल चांगली चढली होती.

मूळ निघालं. लहान, काळपट, आकड्यासारखं वाकलेलं.
मी ते ट्रेमध्ये टाकणार तर त्याने काड्यापेटी पुढे केली.
"ह्यातच घाला, बाय.
पत्र आलं तर
पाठवून देतो त्यांना."